एक तट, तीन ताटं: नगरच्या भुईकोटाची प्रतिकृती (प्रकल्प नोंदी)

काम: अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ला, दिवाळीच्या प्रदर्शनासाठी, ४ × ४ फूट पाटावर. बाहेरचा तट आणि खंदक कायमचा, आतला भाग बदलता: वेगवेगळ्या काळांसाठी तीन सुटी ताटं, एक काढून दुसरं बसवायचं. हा किल्ला मातीची गढी, राजवाडा, सरकारी तुरुंग, लष्करी ठाणं, युद्धकैद्यांची छावणी, पुढाऱ्यांची बंदीशाळा आणि पुन्हा लष्करी ठाणं असा फिरत आला. तट मात्र मोठा फेरफार न होता उभा राहिला, म्हणून प्रतिकृतीही तशीच करायची ठरली. दुसऱ्या कुणाला सोलापूर, परांडा किंवा नळदुर्ग करायचा असेल तर पद्धत तीच, आकडे वेगळे.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रमाण ठरवलं आणि पहिल्याच तासात चुकलं.

जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये तटाचा घेर १ मैल ८० यार्ड दिला आहे, म्हणजे साधारण १,६८२ मीटर. आकार लंबगोल. गोल धरला तर सरासरी व्यास ५३५ मीटर निघतो. १:५०० ने तो १०७ सेंमी होतो. त्यात दोन्ही बाजूंना खंदकाचे ६-६ सेंमी मिळवले की ११९ झाले आणि पाट आहे १२२ सेंमीचा. खंदकाबाहेरच्या मातीच्या उताराला दीड सेंमी उरतो. भुईकोटात तो उतार नसेल तर किल्ला ताटात ठेवलेल्या केकसारखा दिसतो, म्हणून १:५०० रद्द.

१:६०० ने व्यास ८९ सेंमी, खंदक ५ सेंमी, बाहेर प्रत्येक बाजूला साधारण ११ सेंमी उरतात. तटाची लांबी २८० सेंमी. हे पक्कं केलं.

उंची १:६०० ने घेतली तर १८ मीटरचा तट ३ सेंमी होतो आणि लांबून दिसतच नाही. उंची दुप्पट घेतली, म्हणजे १:३००. आडवं एक प्रमाण आणि उभं दुसरं, हे माहितीच्या पाटीवर ठळक लिहायचं. नाहीतर कुणीतरी पट्टी लावून चूक काढतोच.

बुरूज २२ की २४? दोन्ही आकडे छापून आलेले आहेत. २४ धरले. २८० भागिले २४ म्हणजे दर ११.७ सेंमीला एक बुरूज, कागदाची पट्टी घड्या घालून आखता येते.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत फीत घेऊन मोजायचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. बाह्यरेषा उपग्रहचित्रावरून घेतली, तिची प्रिंट चार ए-थ्री कागदांवर काढून जोडली.

८ सप्टेंबर

उभा छेद आखला. हे केल्याशिवाय सामान आणायला जाऊ नये.

१८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हाचं एक वर्णन उपयोगी पडलं. खंदकाच्या दोन्ही बाजू दगडाने बांधलेल्या, आत ९ फूट पाणी, पाण्यापासून काठ ६ ते ७ फूट वर. म्हणजे खंदक १६ फूट खोल. १:३०० ने १६ मिमी, त्यात पाणी ९ मिमी. १८ मीटरची उंची खंदकाच्या तळापासून धरली, म्हणजे एकूण ६० मिमी, त्यातले ४४ जमिनीच्या वर. बुरूज तटापेक्षा साडेचार फूट उंच, म्हणजे आणखी ५ मिमी. बुरुजाचा तुकडा ६५ मिमी.

त्याच वर्णनात खंदकाची रुंदी १८ फूट आहे. उपग्रहचित्रावर ती ३० मीटरच्या आसपास भरते. रुंदी चित्रावरून घेतली, खोली वर्णनावरून. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र केले आहेत, हे पाटीवर लिहिलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

सामान आणलं. १२ मिमी कमर्शियल प्लाय ८ × ४ ची एकच शीट, मधून कापून दोन ४ × ४. एक तळाला. दुसरीतून सुताराने जिगसॉने लंबगोल कापले: आतली चकती आणि बाहेरची चौकट, मधली ५ सेंमीची पट्टी काढून टाकली. तोच खंदक. दुसरी शीट पहिलीवर फेविकॉल आणि पाऊण इंची स्क्रूने बसवली. खंदक आपोआप १२ मिमी खोल झाला. आत ३ मिमी एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुश्याचा बोर्ड) ताट आणि बाहेर तेवढाच मातीचा थर आला की १५-१६ मिमी भरतात. वेगळं काही कोरावं लागत नाही.

ताटांसाठी ३ मिमी एमडीएफची एक शीट. ताट ८४ × ७८ सेंमी. ८४ शीटच्या लांबीत ठेवून आखलं तर तीन ताटांना २५२ सेंमी लागतात आणि शीट २४४ ची आहे. दुसरी शीट आणायला निघालो होतो. ताटं आडवी फिरवल्यावर ७८ गुणिले ३ म्हणजे २३४, आरामात बसली. सुताराकडे जाण्याआधी कागदावर मांडून पाहा, इतकंच.

थर्माकोल घेतला नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय स्प्रेचा रंग लागला की तो विरघळतो.

१४ सप्टेंबर

तट, पहिला प्रयत्न: खोक्याचा पुठ्ठा, ६ सेंमीच्या पट्ट्या, वर शाडूचा लेप.

१६ सप्टेंबर

पहिला प्रयत्न फसला. पुठ्ठ्याने शाडूतलं पाणी प्यायलं आणि पट्टी पोटासारखी फुगली. शाडू वाळताना आकसतो, २८० सेंमीच्या सलग कड्यात तो आकस कुठेतरी निघणारच, दर हातभर अंतरावर उभी भेग पडली. भेगा भरल्या तर बाजूला नव्या. दोन दिवस आणि ३ किलो शाडू गेला. शाडू भिजवून परत वापरता आला, पुठ्ठा फेकला.

२० सप्टेंबर, शनिवार

तट, दुसरा प्रयत्न. ३ मिमी सनबोर्डच्या (हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड) ६ सेंमी पट्ट्या, बाहेरची एक आणि आतली एक, मधे लाकडी ठोकळे लावून एकूण जाडी १२ मिमी. शीट २४४ ची आणि घेर २८० चा, म्हणून सांधे येतातच. एक सांधा दरवाजाच्या मागे लपवला. दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम ९ सेंमीची खाच सोडली, कारण पुढे लिहिलं आहे.

सनबोर्ड गुळगुळीत असतो, त्यावर काही धरत नाही. ६० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू ओरबाडल्या. लेपासाठी कागदाचा लगदा:

जुनी वर्तमानपत्रं २५० ग्रॅम, रात्रभर भिजवून जुन्या मिक्सरच्या भांड्यात वाटायची आणि कापडात घट्ट पिळायची. त्यात फेविकॉल २०० ग्रॅम, खडूची पावडर ४०० ग्रॅम, मोरचूद एक चमचा. कणकेसारखं मळायचं. २ मिमी जाडीचा लेप दोन्ही बाजूंना पुरतो.

मोरचूद वगळू नका. पहिला घाणा त्याशिवाय केला होता. हवा दमट, तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी आली. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घालूनच मळायचं आणि ते मिक्सरचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

लेप अर्धवट सुकला (साधारण पाच तास) की बारीक दाताची फणी आडवी ओढायची. चिऱ्यांचे थर दिसतात. उभे सांधे स्क्रूड्रायव्हरने, एकाआड एक थर सोडून. आख्ख्या तटाला उभे सांधे मारत बसलो तर महिना जाईल, म्हणून फक्त दरवाजाच्या बाजूला मारले.

२१ सप्टेंबर

बुरूज. २५ मिमीच्या इलेक्ट्रिक कंड्युट पाइपचे ६५ मिमीचे २४ तुकडे. पाइप ३ मीटरचा येतो, निम्मा उरला. तुकडे हातकरवतीने कापले तर तोंड तिरकं येतं आणि बुरूज झुकतो. पाइपाभोवती कागद गुंडाळून कडेकडेने रेघ मारायची आणि त्या रेघेवर कापायचं. पहिले सात तुकडे पुन्हा घासावे लागले.

२७ सप्टेंबर, शनिवार

खाच आणि तीन गुल्ल्या.

सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं, १४९४ मध्ये सीनेकाठी शहर वसवलं. त्याची गढी मातीची होती. दगडी तट हुसेन निजामशहाचा, १५५९ ते १५६२. म्हणजे «तट कायम, आतलं बदलतं» ही आपली मूळ कल्पना पहिल्या साठ-सत्तर वर्षांना लागूच होत नाही. पूर्ण मातीचा दुसरा तट करायचा तर दुसरा पाट हवा.

मार्ग असा काढला: दोन बुरुजांमधला ९ सेंमीचा तुकडा काढता-घालता येईल असा. त्याच्या तीन गुल्ल्या केल्या. पहिली मातीची: तांबड्या मातीत गवताचा भुसा, वर उतरती. दुसरी दगडी, बाकीच्या तटासारखी. तिसरी १५९६ ची.

तिसरीबद्दल थोडं. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा शहाजादा मुराद आणि मुघल सेनापती खानखानान यांनी वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांना काही सापडले ते त्यांनी निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबीबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. शेवटी वऱ्हाड प्रांत मुघलांना देऊन तह झाला. गुल्लीची बाहेरची बाजू फुटलेली केली आणि आतल्या बाजूने घाईघाईत रचलेले वेडेवाकडे दगड, मधे काड्यांची लाकडं. आधी दोन्ही बाजू फोडल्या होत्या, तेव्हा ते नुसतं भगदाड दिसत होतं. गोष्ट बुजवण्यात आहे, म्हणून मागची बाजू भरली. खाच प्रेक्षकांच्या समोर येते ती सोयीसाठी, खिंडाराची खरी जागा म्हणून नव्हे. हेही पाटीवर.

गुल्ल्या चुंबकाने बसवल्या: ८ × ३ मिमीचे गोल चुंबक, प्रत्येक टोकाला दोन. चिकटवण्याआधी ध्रुव तपासून मार्करने खूण करा. एका गुल्लीचे उलटे बसले, ती खाचेतून बाहेर उडी मारत होती. एरल्डाइट (कडक होणारा गोंद) फोडून पुन्हा लावायला दीड तास गेला.

२८ सप्टेंबर

खंदकात पाणी दाखवायला रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव) ओतलं. आजचा दिवस फुकट गेला.

हिशेब: खंदकाच्या मध्यरेषेची लांबी २९५ सेंमी, रुंदी ५, पाणी ०.९ सेंमी. सुमारे १,३३० मिली, म्हणजे दीड किलोच्या जवळ. एवढं महाग पडतं म्हणून थोडं ओतून पाहिलं. ४०० ग्रॅम ओतलं आणि वीस मिनिटांत पातळी उतरायला लागली. दोन प्लायमधल्या फटीतून ते खाली झिरपून फरशीवर आलं. फरशीवरचं खरवडून काढलं, पाटाखालचं तसंच आहे.

२९ सप्टेंबर

उपाय: आधी पीओपी. तळाला ५ मिमी, साधारण १ किलो पावडर, ताकाइतकं पातळ. ते स्वतःच पातळीत बसतं आणि फटी बंद करतं. रेझिनही निम्म्याहून कमी लागतं, कारण वर ४ मिमीच भरायचं उरतं, सुमारे ६०० मिली. हे आधी सुचलं असतं तर एक डबा वाचला असता.

पीओपी आतून ओलं असताना रेझिन ओतलं तर बुडबुडे येतात. पाच दिवस थांबायचं.

२ ऑक्टोबर, दसरा

रंग. आख्खा तट काळा रंगवून टाकला आणि मग वर्णन पुन्हा वाचलं: तट काळ्या घडीव दगडाचा, पण वरचा कठडा चुन्यात बांधलेल्या विटांचा. वरचे ६ मिमी पुन्हा विटकरी केले. काळ्यावर विटकरी बसत नाही, आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा लागतो. चार तास वाढले. रंग देण्याआधी मजकूर वाचावा.

काळा म्हणजे डबीतला काळाही नव्हे. बसाल्ट उन्हात करडा-जांभळट दिसतो. काळा तीन भाग, पांढरा एक भाग, गेरूची चिमूट. सुकल्यावर कोरड्या ब्रशने फिका राखाडी फिरवला की फणीच्या रेघा उठून येतात.

४ ऑक्टोबर, शनिवार

रेझिन, दुसरा प्रयत्न. पीओपीवर काळसर हिरवा रंग, त्यावर पातळ फेविकॉलचा हात, तो सुकल्यावर ६५० ग्रॅम रेझिन दोन हप्त्यांत, मधे बारा तास. गळलं नाही. पाणबुड्या वेताची बेटं १८०३ च्या वर्णनात आहेत, खंदकभर उंच वेत माजलेला. केरसुणीच्या काड्यांचे १० मिमीचे तुकडे रेझिन घट्ट व्हायला लागल्यावर रोवले. पातळ असताना रोवले तर आडवे पडतात, कडक झाल्यावर जातच नाहीत. मधली वेळ आमच्याकडे साधारण चौथा तास होती.

५ ऑक्टोबर

पूल, नळ आणि दिंड्या. तिन्ही पहिल्यांदा चुकीचं केलं.

पूल: साखळ्या लावून वर उचलता येणारा केला होता, चित्रात पाहिल्यासारखा. वर्णन स्पष्ट आहे: पूल लाकडी, लढाईच्या वेळी काढून घेता येणारा, पण उचलायचा नाही. त्यावर पुलाएवढंच लोखंडी पन्हाळ ठेवून त्यात कोळसे पेटवायची सोय असल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं. साखळ्या काढल्या. आइस्क्रीमच्या काड्यांचा सुटा पूल केला आणि त्याच मापाचं पत्र्याचं पन्हाळ शेजारी ठेवलं. पाहणाऱ्यांचे प्रश्न यावरच जास्त येतील असं वाटतं.

नळ: निजामशाहीत डोंगराकडून खापरी नळांनी शहरात आणि किल्ल्यात पाणी आणलं होतं. खंदकावरून कमानींचा नळ बांधला. चूक. नळ खंदकाच्या खालून किंवा आतून जातात, वर काहीच दिसत नाही, फक्त उरलेलं पाणी खंदकात पडतं. वेढ्यात डोळ्याला दिसणारा नळ पहिल्या दिवशी फुटला असता. कमानी काढल्या. पाटाच्या कडेवर छेद दाखवून त्यात शीतपेयाच्या नळीचा तुकडा बसवला.

दिंड्या: तीन छोटे चोरदरवाजे, त्यांच्यासमोर खंदकावर फळ्या टाकल्या होत्या. तिथून खंदक ओलांडायची वाट नव्हती. फळ्या काढल्या.

तट आणि खंदक यांच्यामधली मोकळी पट्टी फक्त यार्डभर रुंद होती. १:६०० ने दीड मिमी. तिथे नुसती मातकट रेघ ओढली.

६ ऑक्टोबर

बाहेरचा उतार: शाडू ५ किलो, खंदकाकडे १५ मिमी उंच, पाटाच्या कडेला शून्य. इथे सलग लेप चालतो, कारण भेगा पडल्या तर त्या जमिनीच्या भेगा म्हणून खपतात. उताराच्या माथ्यावरून पाहिलं तर तट लष्करी अधिकाऱ्याच्या तंबूच्या खांबाएवढाच उंच दिसतो, असं तेव्हा नोंदवलेलं आहे. म्हणून पाट जमिनीवर नाही, चार फूट उंच टेबलावर ठेवायचा. मुलांची नजर बरोबर त्या उतारावर येते. वरून पाहिलं की भुईकोट म्हणजे गोल भिंत, उतारावरून पाहिलं की तोफेला नेम धरायला भिंतच का सापडत नाही ते कळतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

ताटं. आधी पाच ठरवली होती, वेळ आणि एमडीएफ तीनचंच होतं. १६०० मध्ये शहाजादा दानियालने किल्ला घेतला आणि त्याच धामधुमीत चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तिथपासून १७५९ पर्यंत मुघल, मधे काही वर्षं मलिक अंबर (१६१७ मध्ये त्याने किल्ला शहाजादा खुर्रमला परत दिला), मग हैदराबादचा निजाम. ताट वेगळं करण्याइतकं काही हाताशी नाही, म्हणून ही सगळी वर्षं ताट १ वर झेंडा आणि पाटी बदलून दाखवली. औरंगजेबाचा मृत्यू (३ मार्च १७०७) भिंगारच्या छावणीत झाला, किल्ल्यात नव्हे. त्याचा पुतळा आत ठेवायची सूचना आली होती, ती घेतली नाही.

ताट १ (१५६२-१७५९): निजामशाही वाडे, हौद, बाग. घुमट म्हणजे वाळलेल्या वाटाण्याच्या अर्ध्या डाळी, चुन्याचा रंग.

ताट २ (१७५९-१८०३): १७५९ मध्ये किल्लेदार कवी जंगला पैसे देऊन सदाशिवरावभाऊंनी किल्ला घेतला. लढाई नाही, सौदा. पुढच्या वर्षीची उदगीरची लढाई यातूनच उभी राहिली. १७९७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने तो दौलतराव शिंद्यांना दिला. त्याच वर्षाच्या शेवटी नाना फडणीसांना पकडून इथेच ठेवलं, १७९८ मध्ये सुटका झाली. पेशवाईचा कारभार चालवणाराच पेशवाईच्या जुन्या किल्ल्यात कैदी. ताटावर जुन्या वाड्याला कुलपाचा दरवाजा बसवला, इमारत तीच.

तोफा: टूथपिकचे ८ मिमी तुकडे. प्रत्येक बुरुजावर दोन दिसत, पूर्वेकडच्या एकावर आठ. २३ गुणिले २ अधिक ८, एकूण ५४. २०० तोफा आत तयार आहेत अशी तेव्हा बोलवा होती, पण बोलवा ताटावर मांडत नाही.

१२ ऑक्टोबर

तीन चुका, तिन्ही इतिहासाच्या. प्रदर्शनाआधी सापडल्या हे नशीब.

एक. बाजारातून आणलेले मावळे बुरुजांवर चिकटवले होते. दिवाळीचा किल्ला म्हटला की हात आपोआप तिकडे जातो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरबरोबर नगरच्या पेठेवरही छापा घातला, पण किल्ला त्यांच्याकडे आला नाही. भगवा १७५९ नंतरचा. मावळे काढले. तसेही ते १:३० च्या आसपासचे होते, बुरुजाहून उंच.

दोन. तटाला काडेपेटीच्या काड्यांच्या शिड्या टेकवल्या होत्या, १८०३ साठी. शिड्या लावून चढाई झाली ती ८ ऑगस्ट १८०३ ला, पेठेच्या भिंतीवर. पेठ किल्ल्याच्या पश्चिमेला तोफेच्या टप्प्यावर होती, ती आपल्या पाटात येतच नाही. किल्ल्यासमोर इंग्रज सेनापती वेलस्लीने १० तारखेला तोफा लावल्या आणि १२ ला किल्लेदाराने किल्ला खाली करून दिला. शिड्या काढल्या, उतारावर तोफांचा मोर्चा ठेवला. पेठ आणि किल्ला यांची गल्लत इतकी सर्रास होते की यासाठी वेगळी पाटी केली.

तीन. १८०३ पासून सलग इंग्रजी अंमल असं छापून घेतलं होतं. कायमचा ताबा त्यांना जून १८१७ च्या पुणे तहाने मिळाला. पाट्या पुन्हा छापल्या, १५० रुपये.

१५ ऑक्टोबर

ताट ३ (१८१७ पासून): बराकी. पुठ्ठ्याच्या लांबट खोल्या, मधे चौक, कौलांसाठी कोरुगेटेड पुठ्ठ्याचा आतला नागमोडी थर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी १९०१-०२ मध्ये नगरला आणले होते. त्यांच्यासाठी वेगळं बांधकाम दाखवलं नाही, पाटी आहे.

१९४२ साठी तोच चौक. ९ ऑगस्टला मुंबईत पकडलेली काँग्रेस कार्यकारिणी खास गाडीने इथे आणली: मौलाना आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर, एकूण बारा. नेहरू २८ मार्च १९४५ पर्यंत इथे होते आणि एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी भारताच्या शोधाचं आपलं पुस्तक इथेच लिहिलं. आझादांची उर्दू पत्रंही इथलीच.

माणसं ठेवली नाहीत. १:३०० ने माणूस ६ मिमीचा, १:६०० ने ३ मिमीचा. कोणत्या प्रमाणाने करायचा? बारा मोहरीचे दाणे ठेवून पाहिले, सांडल्यासारखे दिसले.

त्याऐवजी बाग केली. नेहरूंना बागकामाचा नाद होता. त्यांनी लिहिलं आहे की जमीन रद्दड, दगडमातीने भरलेली, आणि खणताना जुन्या भिंतींचे तुकडे, घुमटांचे माथे लागत. पूर्ण ताट १ खाली ठेवून त्यावर ताट ३ बसवता येईल का ते पाहिलं. घुमटांमुळे वरचं ताट २० मिमी उचललं जातं आणि बराकी तटाबाहेर डोकावतात. ते सोडलं. ताट ३ वर ६ मिमी शाडू, त्यात विटांचा चुरा, एका कोपऱ्यात बोटभर वाफा खणून तळाशी ताट १ वरच्यासारखाच वाटाण्याचा घुमट अर्धा पुरला. रंग तोच, आकार तोच. शेजारी भिंग दोऱ्याने बांधलं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

मांडलं. खर्च: प्लाय २,४५०, एमडीएफ ७८०, सुतार ५००, सनबोर्ड ६५०, पाइप ८५, फेविकॉल ३४०, खडू-मोरचूद-पीओपी २१०, शाडू २५०, रेझिनचे तीन डबे १,४४०, चुंबक २४०, रंग ७२०, पाट्या ३००, किरकोळ ४००. एकूण ८,३६५. यातले ६३० सरळ वाया: रेझिनचा एक डबा आणि दुसऱ्यांदा छापलेल्या पाट्या. वेळ सुमारे ७४ तास, त्यातले १९ केलेलं काढून टाकण्यात आणि पुन्हा करण्यात. बहुतेक पूल, रंग आणि पहिल्या तटाचे.

वजन ३१ किलो. दारातून उभा काढावा लागतो आणि उभा केला की ताट निसटतं. ताटं आधी काढून वेगळी न्या.

२० ऑक्टोबर

ताट बदलताना अडकलं. एमडीएफच्या कडेने ओल धरली आणि ती फुगली. कड घासून फ्रेंच पॉलिशचे दोन हात दिले. फट सगळीकडून दीड मिमी ठेवायला हवी होती, आमची अर्धा मिमी होती. ताट उचलायला मधे दोऱ्याचा फासही हवा. आम्ही तो विसरलो आणि चाकूचं पातं घालून उचलताना हौदाची एक बाजू तुटली.

२६ ऑक्टोबर

प्रदर्शन संपलं. पूल दोनदा पडला, पन्हाळ हरवलं, नवं कापलं. भिंगाचा दोरा तुटेपर्यंत वापरला गेला. गुल्ल्यांपैकी मातीच्या गुल्लीचे कोपरे झडले. तांबड्या मातीत १० टक्के फेविकॉल घालून पुन्हा करायची आहे. रेझिन पिवळं पडू नये म्हणून पाट खिडकीसमोर ठेवलेला नाही, वर जुनी चादर आहे.